दसऱ्याच्या सकाळी गेलेलं चिलखत

१

दसऱ्याच्या दिवशी सकाळी दहा वाजता गोदावरीबाई स्वतःच्याच स्वयंपाकघरात स्टुलावर चढल्या आणि किल्ली टांगणाऱ्याचा मनातल्या मनात उद्धार करू लागल्या. खालच्या खोलीची किल्ली दाराच्या मागे, खालच्या खिळ्याला असते. गेली सात वर्षं तिथेच असते. आज ती वरच्या खिळ्याला होती, आणि बाईंची उंची चार फूट दहा इंच. म्हातारपणाचं विसराळूपण म्हणायचं दुसरं काय, असं पुटपुटत त्यांनी ती काढली आणि जिना उतरल्या.

खाली अंगणात उत्कर्षा उभी होती. एकोणतीस वर्षांची, एका शाळेत खेळाची शिक्षिका, खांद्याला रुंद आणि बोलायला तिखट. तिची स्वतःची किल्ली घाईत कुंभारीला घरीच राहिली होती.

"बाई, शस्त्रांना दोन फुलं वाहते आणि लगेच जाते," ती म्हणाली. "पायरीवर एवढा झेंडू कुणी ठेवला?"

"मी रूपाभवानीच्या देवळात गेले होते. साडेपाचला निघाले, नऊला आले, तेव्हा हा ढीग होताच. सणाच्या दिवशी फुलं ठेवणाऱ्याची चौकशी करायची नसते."

शुक्रवार पेठेतल्या त्या घराची खालची खोली एकेकाळी टॉवेलांच्या गठ्ठ्यांनी भरलेली असायची. बाईंचे यजमान गेले, धंदा गेला, आणि रिकाम्या खोलीत तीन-चार माणसांचं वेड येऊन राहिलं. चारशे वर्षांपूर्वी दख्खनचे शिपाई लढाईत जे अंगावर घालत, ते तसंच्या तसं हातानं बनवायचं आणि ते घालून बोथट तलवारींनी खरोखर लढायचं, असं ते वेड. बाई बत्तीस वर्षं विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या. पहिल्यांदा त्या हसल्या. मग आतला कापूस भरलेला डगला शिवायला कुणी मिळेना म्हणून सुई घेऊन स्वतःच बसल्या. त्यानंतर हसायचा अधिकार त्यांना उरला नाही.

कुलूप व्यवस्थित लागलेलं होतं. उत्कर्षानं ते उघडलं, आत पाऊल टाकलं आणि जागीच थबकली.

शिरस्त्राण फळीवर होतं. ढाल होती, तलवारी होत्या, बाईंनी शिवलेला डगला घडी करून ठेवलेला होता. मधला लाकडी खांब मात्र उघडाबोडका होता. त्याच्यावरचं चिलखत गेलं होतं.

२

ते चिलखत म्हणजे सोळा हजार लोखंडी कड्या. प्रत्येक कडी तारेची वळवलेली, टोकं चपटी करून भोक पाडलेली आणि त्यात इवलीशी रिबीट ठोकलेली. यंत्रमागांची दुरुस्ती करण्यात हयात घालवलेल्या चनबसप्पांनी ते चौदा महिन्यांत विणलं होतं. शनिवारी पुण्याला देशाच्या संघाची निवड होती. बायकांच्या ढाल-तलवारीत जागा एकच. लढतीआधी तपासनीस प्रत्येकाचा पोशाख भिंगातून बघतात. रिबिटीशिवायच्या नुसत्या जोडलेल्या कड्या चालत नाहीत, उसनं बेंगरूळ काही चालत नाही. चिलखत नाही तर लढत नाही. दोन वर्षं पहाटे उठून केलेली मेहनत दोन दिवसांवर येऊन अडकली होती.

"चेतना," उत्कर्षा दात आवळून म्हणाली. "मी बाद झाले तर आमच्यात राखीव तीच आहे. बाई, मी चौकीत जाते."

"तीन वाजेपर्यंत थांब. सणाच्या दिवशी पोलिसांना कड्या आणि रिबिटी समजावून सांगण्यातच तुझा शनिवार उजाडेल."

बाई खाली बसल्या. बत्तीस वर्षं कॉप्या पकडलेल्या डोळ्यांना माणसाच्या चेहऱ्यापेक्षा बाकाखालची जमीन जास्त सांगते, असा त्यांचा अनुभव होता. दारातून आलेली मुंग्यांची रांग थेट खांबाच्या पायथ्याशी गेली होती. फरशीच्या सांध्यात पिवळा डाग होता. बाईंनी बोट लावलं, वास घेतला. आंबूस. कोपऱ्यात एक चिंचोका पडला होता.

"इथे कुणी चिंच खाल्ली?"

"लोखंडाशेजारी? चनबसप्पाकाका पाण्याची बाटलीसुद्धा आत आणू देत नाहीत."

मग बाईंना फळीच्या कडेला आणखी एक वस्तू दिसली. चिलखताच्या गळ्याला आतून चामड्याची पट्टी होती, कड्या मानेला टोचू नयेत म्हणून. ती पट्टी उसवून ठेवलेली होती. फाडलेली नव्हे, कापलेलीही नव्हे. टाका टाका उसवून, उसवलेला दोरा नीट गुंडाळून पट्टीवर ठेवलेला.

"उत्कर्षा," बाई हळूच म्हणाल्या, "दोरा गुंडाळून ठेवणारा चोर मी जन्मात पाहिला नाही."

३

चनबसप्पा नवा सदरा घालून आले. रिकामा खांब बघितला आणि तो वरून खालपर्यंत चाचपला. माणूस ठेंगणा, बाईंपेक्षा जेमतेम चार बोटं उंच, पण हाताचे पंजे दोन माणसांचे.

"अय्यो! माझं लेकरू गेलं की हो बाई."

"तुम्हालाच ते लढतीत न्यायला नको होतं ना? काचेच्या कपाटात ठेवा म्हणत होतात."

"म्हणत हुतो की. चौदा महिन्यांचं काम, त्याच्यावर कुणी तलवार हाणणार म्हटल्यावर बघवत न्हाई." त्यांनी डोळे पुसले. "पण लपवीन कसा? लढाईत न जाणारं चिलखत म्हणजे नुसती जाळी. हे मीच पोरींला शिकवलंय."

"काल खंडेनवमीला पूजा तुम्ही केलीत?"

"दुपारी बारा वाजता. माझ्या पक्कडीला, ऐरणीला. कोरडं कुंकू आणि एक-एक फूल. लोखंडाला मी पाणी दाखवत न्हाई. आठवड्याला तेलाचा हात असतोय चिलखतावर."

"आणि समजा, गंज चढलाच तर?"

"तर काय, जुन्या लोकांची रीत हाय. पिंपात कोरडी वाळू, त्यात चिलखत, आणि पिंप गडगडत न्यायचं दिवसभर. कड्या एकमेकीला घासून चांदीवानी निघतात. चामडं मात्र आदी काढायचं, न्हाईतर चिंध्या व्हतात. हे मी इथं सगळ्यांला सांगितलंय. पोरींला, पोरांला, दारात गाडी लावून वाट बघत उभे असतात त्यांलासुद्धा."

बाई उठून उभ्या राहिल्या. चामड्याची पट्टी त्यांना आता वेगळीच दिसू लागली.

"चनबसप्पा, चिलखत चोरीला गेलेलं नाही," त्या म्हणाल्या. "ते दुरुस्तीला गेलंय."

"कुणी नेलं पण? आणि गंज आला कुठनं? परवाच तेल लावलंय मी!"

पायात चपला सरकवून बाई शेजारच्या गौरम्मांकडे चौकशीला निघाल्या.

४

चेतना पलीकडच्याच गल्लीत राहायची, बँकेत कारकून होती. बाई तिच्याकडे एकट्याच गेल्या. उत्कर्षाला बरोबर नेणं म्हणजे बोथट तलवारींशिवायच लढत लावण्यासारखं झालं असतं. चेतनानं सगळं ऐकून घेतलं. तिचे कान लाल झाले.

"माझ्यावर संशय आहे ना? असणारच. खरं सांगू का बाई, मनात येऊन गेलंय माझ्या. तिचं काहीतरी बिघडावं आणि मला जागा मिळावी, असं. पण मनात येणं वेगळं."

"काल संध्याकाळी तू आमच्या गल्लीत होतीस. शेजारच्या गौरम्मांनी बघितलंय."

"माझे हातमोजे राहिले होते खोलीत. साडेपाचच्या सुमाराला आले. खिडकीतून उजेड दिसला म्हणून डोकावले, तर आत कुणीतरी पूजा करत होतं. समई लावलेली. मला वाटलं चनबसप्पाकाका. मध्येच कशाला टोकायचं, म्हणून परत फिरले."

"चेहरा बघितलास?"

"पाठ होती माझ्याकडे. डोक्याला टॉवेल गुंडाळलेला."

"उभे होते का बसलेले?"

"मांडी घालून बसलेले. चिलखत खांबावरच होतं. हात वर करून त्याच्या गळ्यावर तांब्यातून काहीतरी ओतत होते."

बाईंनी चहाचा कप खाली ठेवला. चिलखताचा गळा त्यांच्या स्वतःच्या कपाळाला लागतो. चनबसप्पांना तिथे पोचायचं तर उठून उभंच राहावं लागेल. मांडी घालून बसल्या बसल्या ज्याचा हात तिथवर जातो, तो माणूस ताडमाड उंच असला पाहिजे. आणि ताडमाड उंच माणूस किल्ली परत टांगताना कुठे टांगेल? हाताला सहज येईल त्या खिळ्याला. विसराळूपणाची शिक्षा बाई सकाळपासून स्वतःला उगाच देत होत्या. वरच्या खिळ्याला किल्ली लावायची तर त्यांना आधी स्टूल घ्यावं लागलं असतं, आणि स्टूल घेतलेलं कुणीही विसरत नाही.

काल दुपारी चार वाजता त्यांच्या स्वयंपाकघरात एक सहाफुटी माणूस चहा पिऊन गेला होता. शेंगांची पिशवी घेऊन आला होता. बाई पाचला भजनाला जाणार आहेत हे त्यानंच विचारून घेतलं होतं. त्यांचं दार नुसतं कडी लावलेलं असतं, हे साऱ्या पेठेला ठाऊक होतं, त्यालाही.

ते नाव उत्कर्षाला कसं सांगायचं, हा प्रश्न चोर शोधण्यापेक्षा अवघड होता.

५

"आबा?" उत्कर्षा म्हणाली आणि अंगणातल्या पायरीवर बसून रडायलाच लागली. "मला वाटलंच होतं. नाही, वाटलं होतं पण मानायचं नव्हतं."

धोंडीराम तिचे वडील. बांधकामावरचे मिस्त्री. बायको गेल्यापासून बाप-लेक दोघंच. उत्कर्षा लढते हे त्यांना पहिल्या दिवसापासून खपलं नव्हतं. तिला न्यायला यायचे, पण खोलीचा उंबरा कधी ओलांडला नाही. दारात फटफटीला टेकून उभे राहायचे. गेल्याच महिन्यात ते सगळ्यांसमोर म्हणाले होते, "ते लोखंड भंगारात घाला आन् पोरीला माणसात आना."

"भंगारात घातलं असणार. आता कुठे शोधायचं?"

"डोळे पूस आणि गाडी काढ. आज सकाळी आबा कुठे होते?"

"पहाटेच गेले. साइटवर काम आहे म्हणाले."

"दसऱ्याला? काल अवजारांची पूजा झाली, आज कुठला मिस्त्री थापीला हात लावतो?"

उत्कर्षानं नाक ओढलं आणि बाईंकडे बघितलं.

वाटेत स्कूटरवर मागे बसून बाई तिच्या कानाशी ओरडून बोलत राहिल्या. भंगारात घालणारा माणूस चामड्याची पट्टी तासभर बसून उसवत नाही. तो पिवळा डाग हळदीचा. आंबूस वास दह्याचा आणि मुंग्या मधासाठी. दूध, दही, तूप, मध, साखर. कुणीतरी चिलखताला पंचामृतानं आंघोळ घातली होती. आणि त्याआधी चिंचेनं घासलं होतं, देव्हाऱ्यातले पितळी देव घासतात तसं. पितळ चिंचेनं उजळतं. लोखंडावरचं मात्र चनबसप्पांचं सगळं तेल तिनं उतरवलं. लोखंडी कढईत दही रात्रभर राहिलं तर काय होतं, हे बाईंना विज्ञानाच्या पदवीआधीच आईनं पाठीत धपाटा घालून शिकवलेलं होतं.

"म्हणजे आबांनी पूजा केली? माझ्या चिलखताची?" उत्कर्षानं गाडीचा वेग कमी केला. "ते तर त्याच्याकडे बघतसुद्धा नाहीत."

"आज पहाटे फुलं घेऊन पुन्हा आले आणि बघितलं, तर सगळं तांबूस-काळं. माणूस काय करेल? कुणी बघायच्या आत निस्तरायला धावेल. चनबसप्पांचं पिंप आणि वाळू दारात उभं राहून त्यानं ऐकलंच होतं. आता मला एवढंच सांग, दिवसभर गडगडणारं पिंप मिस्त्रीला कुठे मिळतं?"

कुंभारीच्या अलीकडे अर्धवट उभ्या घरांच्या रांगा लागल्या. सगळीकडे सणाची सामसूम. परांचीच्या बांबूंना झेंडूच्या माळा, थाप्या आणि घमेली एका कोपऱ्यात हळद-कुंकू लावून मांडलेली. उत्कर्षानं गाडी बंद केली. तेव्हा दोघींना ऐकू आलं. शेवटच्या घराच्या मागून भकभक आवाज येत होता.

दसऱ्याच्या दिवशी कुणीतरी काँक्रीटचा मिक्सर चालवत होतं.

६

मिक्सरच्या गळ्यातली माळ काढून शेजारी विटेवर ठेवलेली होती. धोंडीराम समोर उकिडवे बसले होते. अंगावर कालच्या पूजेचा पांढरा सदरा, आता वाळूनं माखलेला. पोरीला बघताच ते उठले, मिक्सर बंद केला आणि मान खाली घातली. सहा फुटांचा माणूस चांगला वीतभर लहान दिसू लागला.

"सांजंपातुर जाग्यावर ठेवणार हुतो," ते म्हणाले. "तुला कळूच द्याचं नव्हतं."

"आबा, तुम्ही तर भंगारात घाला म्हणत होता!"

"म्हनत हुतो. अजून बी म्हनतो." त्यांनी सदऱ्यावरची वाळू झटकली. "आखाडात एकदा मैदानावर आलतो. झाडामागं हुबा हुतो. त्या चेतनानं तुझ्या खांद्यावर असा घाव घातला, मला वाटलं झालं, हात गेला पोरीचा. आन् तू हसलीस की! डोकं झटकून परत हुबी ऱ्हायलीस. त्या दिवसापासनं झोप न्हाय मला. हितं मैदानावर लागलं तर पळत यीन. तितं पुण्यात, परदेशात कुटं येऊ मी? तुझ्या अंगाला लागून ते लोखंड असनार. मी नसनार. म्हनलं, त्यात देव तरी बसवावा."

बाईंनी तोंड फिरवून उगाच विटा मोजल्या.

"चिंच लावायला नको हुती व्हय, बाई?" धोंडीरामांनी विचारलं.

"देवांना लावा. लोखंडाला नको."

"आन् आज मशीन चालवायचं नसतंय. देवाची माफी मागून चालवलं."

उत्कर्षा पुढे झाली. मिक्सरच्या तोंडात हात घालून तिनं चिलखत ओढलं. वाळू झरझर गळून पडली आणि उन्हात कड्या खरोखर चांदीसारख्या चमकल्या. इतकं लखलखीत ते नवं असतानाही नव्हतं. तिनं ते उचलून उजेडात धरलं आणि तिचा चेहरा उतरला. उजव्या काखेखाली मुठीएवढं भोक होतं. आतल्या पात्यात अडकून कड्या तुटल्या होत्या.

धोंडीरामांनी ते बघितलं आणि दोन्ही हातांनी डोकं धरलं.

७

चनबसप्पांनी एकसष्ट कड्या मोजल्या. गुरुवारची दुपार आणि शुक्रवार, एवढाच वेळ होता. एकट्या माणसाचं हे काम नव्हतं. कडी धरणारा एक, भोक पाडणारा एक, रिबीट ठोकणारा एक, असे तीन जोड हात हवे होते.

"धरणारा कोण?" चनबसप्पा दाराकडे बघत म्हणाले. "पोरींची बोटं थकतात. मिस्त्रीचा हात पायजे."

धोंडीराम नेहमीसारखे दारात उभे होते. त्यांनी चपला काढल्या आणि सात वर्षांत पहिल्यांदा सगळ्यांदेखत उंबरा ओलांडून आत आले. भोक पाडायला चेतना बसली. तिला कुणी बोलावलं नव्हतं; उत्कर्षानंही जा म्हटलं नाही. पहिला तास नुसते ठोके पडले, दुसऱ्या तासात चेतना म्हणाली, "भोक मधोमध पडत नाहीये," आणि उत्कर्षानं तिला कडी कशी टेकवायची ते दाखवलं. बाईंनी चामड्याची पट्टी पुन्हा शिवली. शुक्रवारी दुपारी चार वाजता एकसष्टावी रिबीट बसली आणि धोंडीरामांच्या दोन बोटांना फोड आले.

शनिवारी पुण्याच्या मैदानावर तपासनीस भिंग घेऊन त्या काखेपाशी थांबला तेव्हा पाचही जण पुढे वाकले.

"इथल्या कड्या निराळ्या दिसतात. दोन माणसांचं काम आहे."

"तीन," चनबसप्पा म्हणाले. "काल बसवल्यात."

"आणि एवढं स्वच्छ कशानं केलंत? पॉलिश चालत नाही."

"वाळूनं," धोंडीराम पुढे येऊन म्हणाले. "कोरड्या वाळूनं."

तपासनीसानं मान वर करून त्यांच्याकडे बघितलं. "जुनी चिलखतं मी बरीच पाहिलीत. एकही बिनठिगळाचं नाही. आणि वाळूची रीत आताशा कुणी करत नाही." त्यानं कागदावर खूण केली. "लढा."

जागेसाठीची शेवटची लढत दुसऱ्या गावच्या मुलीशी, तीन फेऱ्यांची होती; घावांची संख्या मोजायची. पहिल्या फेरीत धोंडीरामांनी डोळे घट्ट मिटून घेतले आणि प्रत्येक खणखणाटाला बाईंचं मनगट दाबलं. बाईंच्या बांगड्या रुतल्या. दुसऱ्या फेरीत धोंडीरामांनी एक डोळा उघडला. उत्कर्षाच्या छातीवर घाव आला, कड्यांनी तो खाल्ला, ती अर्धं पाऊल मागे सरकली आणि ढाल पुढे करून घुसली. धोंडीरामांनी दुसरा डोळा उघडला. तिसऱ्या फेरीत ते उभे राहिले आणि मधेच कठड्यापाशी पोचले.

"ओ! खांद्यावर बसला की तिचा! मोजा की तो! तुमचं ध्यान कुटं हाय?"

पंचानं त्यांना मागे व्हायला सांगितलं. ते झाले नाहीत. उत्कर्षाचे बारा घाव, समोरचीचे अकरा. एकच जागा होती आणि ती उत्कर्षाला मिळाली. टाळ्या झाल्या, चेतनानं शिट्टी मारली, चनबसप्पा भर मैदानात रडले. उत्कर्षा शिरस्त्राण काढून, घामानं निथळत कठड्याकडे आली, तेव्हा तिचे वडील अजून पंचाशी हुज्जत घालत होते.

"अहो धोंडीराम, पोरगी जिंकली," बाईंनी त्यांना दुसऱ्यांदा सांगितलं.

"ते हाय की," ते म्हणाले. "पन तेरा हुते. मी मोजलेत."